पाचवी प्रत पुसट येते : सोव्हिएत ‘समिझदात’ म्हणजे नेमकं काय?

सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्यापैकी बऱ्याच मराठी घरांत दोन-चार तरी रशियन पुस्तकं असायची. लोकवाङ्मय गृहात मिळणारी, पक्क्या बांधणीची, रंगीत चित्रांची आणि किंमत अशी की विकणाऱ्यालाच लाज वाटावी. ‘सोव्हिएत लँड’च्या गुळगुळीत पानांची तर शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली जायची. ज्या देशाला पुस्तकं अशी उधळता येतात, तिथे वाचायला काही कमी पडत असेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

त्याच वर्षांत त्याच मॉस्कोत लोक रात्री दार लावून, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून टाइपरायटरखाली घोंगडीची घडी घालून, दुसऱ्याची कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टाइप करत बसत. पकडलं गेलं तर तुरुंग. या उद्योगाचं नाव समिझदात.

हा शब्द गेल्या काही वर्षांत बातम्यांत पुन्हा दिसू लागला आहे. सोव्हिएत दडपशाहीच्या नोंदी जपणारी ‘मेमोरियल’ ही संस्था बंद करण्याचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं. मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा आला आणि उरलीसुरली स्वतंत्र माध्यमं बंद पडली किंवा देशाबाहेर गेली. तेव्हापासून ‘आता पुन्हा समिझदात’ हे वाक्य ऐकू येतं. पण पहिलं समिझदात काय होतं हे नीट माहीत नसेल, तर त्या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

## आधी शब्द

रशियनमध्ये ‘सम’ म्हणजे स्वतः आणि ‘इझदात’ हे प्रकाशनगृहाच्या लांबलचक शब्दाचं आखूड रूप. सरकारी प्रकाशनगृहांची नावं अशीच असत : गोसइझदात, पोलितइझदात. निकोलाय ग्लाझकोव्ह या कवीच्या कविता १९४० च्या दशकात कुणी छापत नव्हतं. तो त्या स्वतःच टाइप करून, पानं शिवून मित्रांना वाटायचा आणि प्रकाशकाच्या नावाच्या जागी लिहायचा ‘सामसेब्याइझदात’, म्हणजे साधारण ‘माझं-मीच प्रकाशन’. सरकारी मुद्रणालयाचं नाव असतं तिथे आपण ‘आमचं स्वयंपाकघर मुद्रणालय’ लिहावं, तसा तो विनोद होता. पुढे त्यातला मधला तुकडा गळला आणि विनोदाची संज्ञा झाली.

याचंच भावंड म्हणजे तमिझदात. ‘तम’ म्हणजे तिकडे. हस्तलिखित चोरून परदेशी पाठवायचं, तिकडे छापायचं आणि जमल्यास छापील प्रत परत चोरून आत आणायची. बोरिस पास्तरनाक यांची ‘डॉक्टर झिवागो’ १९५७ मध्ये मिलानमध्ये प्रथम निघाली ती अशी. पुढच्या वर्षी नोबेल जाहीर झालं आणि त्यांना ते नाकारावं लागलं.

## छापखान्यात का जात नसत?

कारण खासगी छापखाना नावाची वस्तूच तिथे नव्हती. छपाईची यंत्रं, कागद, वितरण, दुकानं, सगळं सरकारचं. त्यावर १९२२ मध्ये स्थापन झालेलं ‘ग्लावलित’ हे सेन्सॉर खातं. पुस्तक सोडाच, पोस्टर आणि लेबलावरही त्याची नजर असे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छपाईचा जो तपशील असतो, त्यात सेन्सॉरच्या मंजुरीचा क्रमांकही असायचा.

इथे मराठी वाचक हमखास आणीबाणीची आठवण काढतो. सेन्सॉरशिप आपल्याकडेही होती, २१ महिने. भूमिगत पत्रकंही निघत होती. पण तेव्हा देशात हजारो खासगी छापखाने होते, सायक्लोस्टाइलची यंत्रं शाळा-कचेऱ्यांत पडलेली होती आणि आणीबाणी येण्याआधी छापलेली पुस्तकं घरोघर होती. सोव्हिएत नागरिकाच्या हाताशी यातलं काहीच नव्हतं. कचेरीतलं कॉपी काढायचं यंत्र कुलपात असे. घरात ठेवता येईल असं एकच यंत्र उरत होतं, टाइपरायटर.

मजा अशी की, टाइप करणं हा गुन्हा नव्हता. १९३६ च्या राज्यघटनेत तर भाषण आणि मुद्रण स्वातंत्र्य लिहिलेलं होतं. गुन्हा ठरायचा तो मजकूर. फौजदारी संहितेचं कलम ७० होतं ‘सोव्हिएतविरोधी प्रचारा’साठी : ७ वर्षांपर्यंत श्रमछावणी आणि वर ५ वर्षांपर्यंत हद्दपारी. १९६६ मध्ये कलम १९०-१ जोडलं गेलं, ३ वर्षांपर्यंत. प्रचार म्हणजे काय, हे अर्थात सरकारी वकील ठरवणार.

## चार कार्बन, पाच प्रती

ज्यांनी टायपिंगच्या क्लासला जाऊन बोटं मोडून घेतली आहेत, त्यांना पुढचं समजावायला नको. रोलरमध्ये झिरझिरीत कागद घालायचा, मग कार्बन, मग कागद, मग कार्बन. कळ जोरात दाबायची. वरची प्रत ठसठशीत, दुसरी-तिसरी बरी, चौथी चालवून घेण्यासारखी आणि पाचवी डोळ्यांशी भांडणारी. कागद पातळ असेल तर एखाद-दुसरी प्रत आणखी निघे. पूर्व जर्मनीत बनणारा ‘एरिका’ टाइपरायटर तिथे लोकप्रिय होता. अलेक्सांद्र गालिच या गीतकाराने एका गाण्यात म्हटलं की एरिका चार प्रती काढते, बस्स, तेवढ्या पुरेत. (हे गाणंही टेपवरून टेपवर उतरवत पसरलं. त्याला ‘मग्नितिझदात’ म्हणत. पण आणखी संज्ञा नकोत.)

चार-पाच प्रतींनी काय होणार? संतोषीमातेच्या नावाने येणारी पोस्टकार्डं आठवा : ‘अशी अकरा पत्रं लिहून पाठवा.’ पाच जणांनी प्रत्येकी पाच प्रती काढल्या की पंचवीस, मग सव्वाशे, मग सहाशे पंचवीस. पाचव्या फेरीला तीन हजारांवर. देवीचा कोप होईल म्हणून लोक पोस्टकार्ड लिहीत. इथे कोप व्हायचा तो लिहिल्यामुळे, आणि तरीही लोक लिहीत.

समिझदात म्हटलं की आपण त्यातल्या बंडखोर लेखकांबद्दल बोलतो. मला त्यातली टाइप करणारी माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. तीनशे पानांचं पुस्तक, तासाला सहा पानं धरली तरी पन्नास तासांचं काम. नोकरी, रांगा आणि स्वयंपाक यांतून उरलेल्या वेळात ते करायचं. आवडलेलं पुस्तक मित्राला द्यावं हे आपण सहज करतो. तिथे आवडलं याची खूण म्हणजे तुम्ही ते आख्खं पुन्हा टाइप केलंत. काय पसरणार आणि काय एका प्रतीतच मरणार, हे अशा पन्नास-पन्नास तासांनी ठरत होतं. संपादक मंडळ, खप, परीक्षण, सगळं त्यातच आलं. आणि हे काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. टायपिंग येत असे त्यांनाच.

वाचणंही निवांत नसे. प्रत एका रात्रीसाठी मिळायची. चार जण गोल बसून वाचलेलं पान शेजारच्याकडे सरकवायचे. त्या काळचा एक लोकप्रिय विनोद आहे. एक आजी तॉल्स्तॉयची ‘युद्ध आणि शांती’ टाइप करत बसली आहे. का, तर नात म्हणते, ‘छापलेलं मी वाचत नाही.’

## त्यात सगळं राजकारणच असे का?

अजिबात नाही. सुरुवात कवितेपासून आहे आणि कविताच बहुधा सर्वांत जास्त टाइप झाली असेल. प्रार्थनापुस्तकं होती, ज्यूंसाठी हिब्रूचे धडे होते, क्रिमियातून हाकललेल्या तातारांचे अर्ज होते, योगासनांवरचे मजकूरही होते. लिथुएनियात कॅथलिक चर्चची स्वतंत्र ‘क्रॉनिका’, म्हणजे घटनांची नोंद ठेवणारं पत्रक, १९७२ पासून १९८९ पर्यंत निघाली, ८१ अंक. नियोले सदूनाइते ही जोगीण १९७४ मध्ये तिचाच अंक टाइप करताना पकडली गेली.

राजकारण शिरलं ते एका खटल्यामुळे. आंद्रेइ सिन्याव्स्की आणि यूली दानिएल या लेखकांनी टोपणनावांनी परदेशात कथा छापल्या. सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरला मॉस्कोच्या पुश्किन चौकात थोडे लोक जमले. त्यांना जमवणारा गणितज्ञ होता, अलेक्सांद्र येसेनिन-वोल्पिन. ‘सरकार उलथवा’ असं तो म्हणत नव्हता. खटला उघड चालवा आणि ‘सोव्हिएत राज्यघटनेचा मान राखा’, एवढंच. उघडपणासाठी रशियन शब्द ‘ग्लासनोस्त’; वीस वर्षांनी गोर्बाचेव्ह यांच्यामुळे तो जगाला पाठ झाला. फेब्रुवारी १९६६ मध्ये दोघा लेखकांना ७ आणि ५ वर्षांची शिक्षा झाली. खटल्याची टिपणं समिझदातमधून फिरली आणि ती फिरवणाऱ्यांवर पुढचा खटला झाला. त्या खटल्याचीही टिपणं निघाली.

## कुणीही काहीही टाइप करणार, मग खरं कशावरून?

हा सर्वांत रास्त आक्षेप. आपल्याकडे जुन्या पोथ्यांच्या नकलांचं काय झालं ते माहीत आहे. लेखनिक बदलला की शब्द बदलतो, ओवी वाढते, आणि मग नाथांसारख्याला बसून ज्ञानेश्वरीचे पाठभेद निवारावे लागतात. समिझदातमध्येही ओळी गळल्या, कविता भलत्याच्या नावावर गेल्या. कवितेत ते चालून जाईल. ‘अमक्याला अटक झाली’ या बातमीत नाही.

३० एप्रिल १९६८ ही तारीख असलेलं एक टंकलिखित पत्रक मॉस्कोत निघालं, ‘चालू घटनांची ख्रोनिका’. ‘ख्रोनिका’साठी ‘बखर’ हा शब्द मोहात पाडतो, पण बखरीत जे ठासून भरलेलं असतं तेच इथे वर्ज्य होतं. हिची भाषा पंचनाम्याची. कुणाच्या घराची झडती झाली, किती वाजता, काय जप्त केलं. कोणत्या न्यायालयात, कोणत्या कलमाखाली, किती वर्षं. छावणीत कोण उपोषणाला बसलं. विशेषणं नाहीत, शिव्या नाहीत, हळहळ नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १९, म्हणजे अभिव्यक्तीचा हक्क, अंकाच्या माथ्यावर. आधीच्या अंकात चूक झाली असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती. ‘प्राव्दा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाच्या नावाचा अर्थ ‘सत्य’. दुरुस्त्या मात्र या बेकायदा पत्रकात वाचायला मिळत.

पहिला अंक टाइप करणारी नताल्या गोर्बानेव्स्काया ही कवयित्री तेव्हा दिवस भरत आलेली गर्भार होती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा २५ तारखेला लाल चौकात निषेधाला बसलेल्या मोजक्या आठ माणसांत ती बाबागाडीत तीन महिन्यांचं मूल घेऊन होती.

पण छुप्या अंकाला बातमी पाठवायची कुठे? पत्ता नाही, संपादकाचं नाव नाही. पाचव्या अंकात वाचकांना दिलेली सूचना मला फार हुशारीची वाटते. तुमच्याकडची माहिती, ज्याने तुम्हाला अंक दिला त्याला द्या. तो त्याला ज्याने दिला त्याला देईल. मात्र साखळीच्या टोकापर्यंत एकट्याने जायचा प्रयत्न करू नका, नाहीतर लोक तुम्हाला खबऱ्या समजतील.

म्हणजे ज्या वाटेने अंक खाली उतरला, त्याच वाटेने बातमी वर चढायची. प्रत्येक माणूस फक्त आपल्या अलीकडच्या आणि पलीकडच्याला ओळखतो. पोलिसांनी एक कडी उचलली तरी त्यांच्या हाती दोनच नावं लागतात. आणि बातमी प्रत्येक पायरीवर अशा माणसाच्या हातातून जाते, जो ती देणाऱ्याला व्यक्तिशः ओळखतो. खरेपणाची चाळणी आणि सुरक्षेची भिंत, दोन्ही एकाच सोयीतून.

## मग के.जी.बी. काय झोपली होती?

नव्हती. गोर्बानेव्स्काया हिला डिसेंबर १९६९ मध्ये पकडलं आणि तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात टाकलं. ‘सुस्त स्किझोफ्रेनिया’ नावाचं निदान तिथे तयार होतं. लक्षणं न दिसणं हेही त्यात बसे. १९७२ मध्ये ती सुटली. त्याच वर्षी दोन प्रमुख कार्यकर्ते फुटले आणि नवा अंक निघाला की अटका होतील, अशी धमकी आली. २७ व्या अंकानंतर दीड वर्ष शांतता. मग मे १९७४ मध्ये तीन अंक एकदम बाहेर पडले. सोबत तिघांचं सहीनिशी निवेदन : वितरणाची जबाबदारी आमची. तात्याना वेलिकानोवा गणितज्ञ, सेर्गेइ कोवाल्योव जीवशास्त्रज्ञ आणि तात्याना खोदोरोविच भाषाशास्त्रज्ञ. तोवर नावं लपवणं हीच रीत होती. कोवाल्योव यांना त्याच वर्षी अटक होऊन ७ वर्षं छावणी आणि ३ वर्षं हद्दपारी मिळाली.

लेनिनग्राडच्या येलिझावेता वोरोन्यान्स्काया यांनी सोल्झेनित्सिन यांच्या छावण्यांवरच्या ग्रंथाचं टंकलेखन केलं होतं. ऑगस्ट १९७३ मध्ये चौकशीच्या माऱ्यात त्यांनी लपवलेल्या प्रतीचा पत्ता सांगितला. त्यानंतर त्या घरात गळफास लागलेल्या अवस्थेत सापडल्या. हस्तलिखित के.जी.बी.च्या हाती पडल्यावर लेखकाने पॅरिसला निरोप पाठवला, छापा. डिसेंबरमध्ये ‘गुलाग द्वीपसमूह’ छापून आला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये लेखकाला देशाबाहेर काढलं.

इतकं असूनही हे चाललं कसं? काळ बदलला होता म्हणून. स्तालिनच्या राज्यात कवितेचा कागद घरात सापडणं म्हणजे जीवावरचं काम. तेव्हा आन्ना आख्मातोवा ही कवयित्री आपल्या मैत्रिणीशी, लिदिया चुकोव्स्काया यांच्याशी, भिंतींना ऐकू जावं म्हणून मोठ्याने चहापाण्याच्या गप्पा मारी, तेवढ्यात चिठोऱ्यावर ओळी लिहून पुढे करी, मैत्रीण त्या पाठ करी आणि चिठोरं रक्षापात्रात जळे. कागद उरू देणं परवडत नव्हतं. १९५३ नंतर शिक्षा गोळीऐवजी वर्षांत मोजली जाऊ लागली, खटला चालवावा लागे, कलम लावावं लागे. समिझदात त्या फटीत उगवलं. रुमानियात चाउशेस्कूने ही फटही बुजवायचं ठरवलं : १९८३ च्या हुकुमाने प्रत्येक टाइपरायटर पोलिसांकडे नोंदवायचा आणि त्याच्या अक्षरांचा नमुना जमा करायचा. बंदुकीच्या परवान्यासारखं.

## वाचत तरी किती जण होते?

टाइप केलेल्या प्रतीच मोजल्या तर मोठ्या शहरांतले सुशिक्षित लोक, फार तर. हा आक्षेप खरा आहे. पण ख्रोनिकाची एक प्रत कुणा परदेशी बातमीदाराच्या किंवा वकिलातीतल्या माणसाच्या बॅगेतून बाहेर जाई आणि काही दिवसांनी तोच मजकूर ‘रेडिओ लिबर्टी’ वा बी.बी.सी.वरून रशियन भाषेत परत येई. सरकार खरखर सोडून लहरी बुजवत असे. लोक खेड्यात जाऊन रेडिओ खिडकीशी धरत.

## ‘हे सगळं अमेरिकेच्या पैशावर होतं’

काही भाग होता, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रेडिओ लिबर्टीला सुरुवातीची दोन दशकं सी.आय.ए.चा पैसा होता. ‘डॉक्टर झिवागो’ची रशियन आवृत्ती १९५८ च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात सोव्हिएत पर्यटकांच्या हाती ठेवण्यामागे तीच संघटना होती, तिनेच २०१४ मध्ये कागद खुले केले. आपल्याकडे येणारी ती स्वस्त रशियन पुस्तकं तरी कुणाच्या धर्मादायातून येत होती? दोन्ही महासत्ता पुस्तकं पेरत होत्या. पण मॉस्कोतल्या स्वयंपाकघरात पन्नास तास बडवणाऱ्या बाईला मजुरी कुणी देत नव्हतं. तमिझदात आणि समिझदात यांत हा फरक करायलाच हवा.

## पोलंडची वेगळी तऱ्हा

पोलंडमध्ये गोष्ट टाइपरायटरवर थांबली नाही. १९७६ मध्ये राडोम आणि उर्सुसच्या कामगारांना झोडपलं गेलं, त्यांच्या मदतीला समिती उभी राहिली आणि १९७७ पासून ‘नोवा’ हे भूमिगत प्रकाशनगृह पुस्तकं छापू लागलं, हजारांच्या संख्येने, किंमत लावून. आपल्याकडे लग्नपत्रिका ज्या पद्धतीने छापतात ते स्क्रीन प्रिंटिंगच त्यांनी घराघरांत नेलं : लाकडी चौकट, ताणलेलं कापड, रबरी पट्टी. शाई मिळत नसे, म्हणून ‘कोम्फोर्त’ नावाच्या कपडे धुण्याच्या पेस्टमध्ये रंग कालवत. १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा आला, तरी ‘तिगोद्निक माझोव्शे’ हे साप्ताहिक भूमिगत राहून हजारोंनी निघत राहिलं. वेगवेगळे छापणारे गट एकमेकांना ओळखत नसत. मॉस्कोचीच युक्ती, फक्त कारखान्याच्या मापाची. मे १९८९ मध्ये त्याच मंडळींनी पहिलं स्वतंत्र दैनिक काढलं, दीड लाख प्रतींनी.

## याने राजवट पडली का?

नाही. ती पडली त्यात तेलाच्या किमती, अफगाणिस्तान, रिकामी दुकानं, वरच्यांची भांडणं यांचा वाटा कितीतरी मोठा. पण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेन्सॉर ढिला झाला, तेव्हा छापायला मजकूर तयार होता. ‘नोवी मीर’सारख्या मासिकाचा खप १९९० मध्ये वीस लाखांवर गेला, त्यात समिझदातमधून फिरलेल्या लेखनाचा मोठा हात. १ ऑगस्ट १९९० ला सेन्सॉरशिप रद्द करणारा कायदा लागू झाला.

आज रशियात टेलिग्राम आहे, व्ही.पी.एन. आहे. एका बोटाने हजार जणांना मजकूर जातो, म्हणून ‘आता पुन्हा समिझदात’ म्हणणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. चोरून वाचणं तेच आहे. पण फॉरवर्ड करणाऱ्याने तो मजकूर वाचलेला असतोच असं नाही. पन्नास तास टाइप करणाऱ्याने प्रत्येक शब्द वाचलेला असे.

ख्रोनिकाचे अंक आता संगणकावर बसल्या जागी वाचता येतात. ओळीने पाहत गेलं तर ५८ नंतर एकदम ६० येतो. ५९ वा अंक तयार होत असताना, फेब्रुवारी १९८१ मधल्या एका झडतीत, के.जी.बी.ने उचलून नेला. मागून तो क्रमांक दुसऱ्या कुठल्या अंकाला दिलेला नाही.